फ्लाइट कॉम्प्युटर: तबकडीचा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? विद्यार्थी वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइट कॉम्प्युटर म्हणजे नेमके काय?

उड्डाणाचा आराखडा आखताना आणि विमान हवेत असताना जे ठरावीक हिशेब पुन्हापुन्हा करावे लागतात, ते करण्याचे हे साधन आहे. अमुक वेगाने तमुक अंतर किती मिनिटांत कापले जाईल, तेवढ्या वेळात किती इंधन जळेल, वारा आडवा असताना विमानाचे नाक किती अंश वळवून धरावे लागेल, उंचीवरच्या विरळ हवेत विमानाचा खरा वेग किती असेल, असे हे प्रश्न असतात.

हाताने फिरवायच्या प्रकारात एका बाजूला दोन गोल मापपट्ट्या असतात. बाहेरची स्थिर असते आणि आतली तबकडी फिरते. हा वर्तुळात वळवलेला स्लाइड रूलच (मापपट्ट्या सरकवून गुणाकार-भागाकार करण्याचे साधन) आहे. दुसऱ्या बाजूला अंश कोरलेली पारदर्शक तबकडी असते आणि तिच्याखालून वेगाच्या चापांची व दिशेच्या रेषांची जाळी छापलेली एक पट्टी वर-खाली सरकते. ही वाऱ्याची बाजू. इलेक्ट्रॉनिक प्रकार दिसायला मोठ्या कॅल्क्युलेटरसारखा असतो. मेनूतून हिशेब निवडायचा, विचारलेली माहिती भरायची आणि उत्तर वाचायचे.

तबकडीच्या प्रकाराला ‘ई६बी’ हे नाव कुठून आले?

अमेरिकी नौदलाचे अधिकारी फिलिप डाल्टन यांनी १९३०च्या दशकात या साधनाची रचना केली आणि अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने ते स्वीकारले. ‘ई६बी’ हा त्या दलाच्या साहित्य-यादीतला सांकेतिक क्रमांक होता, पण तोच नाव म्हणून रूढ झाला. डाल्टन यांचा १९४१ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक आणि नेव्हिगेटर त्यांची तबकडी फिरवत मार्ग काढत होते, आणि आजचा विद्यार्थी जी विकत घेतो तिची मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. आता तर इलेक्ट्रॉनिक यंत्रालाही अनेक जण ‘इलेक्ट्रॉनिक ई६बी’ असेच म्हणतात.

मग पहिला कोणता घ्यावा?

पहिला तबकडीचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्र निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ते वेगवान आहे, नीटनेटके आहे आणि लांब मार्गाचे नियोजन करताना त्याची मोठी मदत होते. परंतु ते फक्त उत्तर दाखवते, तर तबकडी ते उत्तर कसे तयार झाले हे डोळ्यांसमोर मांडते, आणि शिकण्याच्या काळात या दुसऱ्या गोष्टीची गरज कितीतरी अधिक असते. वाऱ्याचा त्रिकोण (विमानाचा हवेतला वेग, वारा आणि जमिनीवरचा वेग यांची आकृती) ज्याने पन्नास वेळा हाताने मांडला आहे, त्याला इलेक्ट्रॉनिक यंत्राने दिलेले चुकीचे उत्तर पाहताक्षणी खटकते. ज्याने तो कधीच मांडला नाही, त्याला पडद्यावरचा प्रत्येक आकडा सारखाच खरा वाटतो.

या मताला एकच अट आहे आणि ती पुढच्या प्रश्नात येते.

परीक्षेत कोणता चालतो?

खरेदीपूर्वी हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण नियम सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकेतील फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या लेखी परीक्षेत तबकडीचा आणि हवाई उपयोगासाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक, असे दोन्ही प्रकार चालतात. मात्र परीक्षेच्या आधी आणि नंतर यंत्राची स्मृती पुसावी लागते, तसेच यंत्राची छापील माहितीपुस्तिका सोबत नेता येत नाही. उत्पादकाने यंत्रावरच कायमस्वरूपी कोरलेल्या सूचना आणि सूत्रे चालतात, आणि तबकडीवर अशा सूचना छापलेल्या असतातच.

युरोपियन युनियन एव्हिएशन सेफ्टी एजन्सीच्या चौकटीतील परीक्षांची दिशा वेगळी आहे. तेथे यांत्रिक नेव्हिगेशन स्लाइड रूल आणि हवाई गणिताची खास सोय नसलेला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर अपेक्षित असतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटर कितीही सुंदर असला तरी तो घरीच ठेवावा लागतो. म्हणून ज्या प्राधिकरणाची परीक्षा द्यायची आहे, त्याचा चालू नियम स्वतः वाचावा आणि परीक्षा केंद्राकडून त्याची खात्री करून घ्यावी. वरच्या वर्गातल्या मित्राने कोणते यंत्र नेले होते, यावर विसंबून राहू नये.

वाऱ्याचा हिशेब तबकडीवर कसा होतो? तो इतका महत्त्वाचा का मानला जातो?

एक उदाहरण सावकाश पाहू. आपल्याला ०९० अंशांच्या, म्हणजे थेट पूर्वेच्या मार्गाने जायचे आहे. विमानाचा ट्रू एअरस्पीड (भोवतालच्या हवेच्या तुलनेतला खरा वेग) ११० नॉट (ताशी नॉटिकल मैल) आहे. वारा ०३० अंशांकडून २० नॉटने येतो आहे.

प्रथम पारदर्शक तबकडी फिरवून वरच्या खुणेखाली ०३० आणावा. मधल्या छिद्रापासून सरळ वर २० एकके मोजून पेन्सिलीने एक ठिपका द्यावा. हा ठिपका म्हणजे वारा. आता तबकडी फिरवून वरच्या खुणेखाली ०९० आणावा. ठिपका वरून निघून डावीकडे कलतो, आणि विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहावे, कारण वारा विमानाच्या डाव्या खांद्यावरून, थोडा समोरून येतो आहे हे आता कागदावरच्या चित्रासारखे स्पष्ट दिसते. मग खालची पट्टी सरकवून ठिपका ११०च्या चापावर बसवावा. मधल्या छिद्राखाली सुमारे ९९ हा आकडा येतो, ती आपली ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग). ठिपका मधल्या रेषेच्या डावीकडे ९ अंशांवर असतो, म्हणून नाक ९ अंश डावीकडे धरायचे आणि ट्रू हेडिंग (खऱ्या उत्तरेपासून मोजलेली नाकाची दिशा) ०८१ ठेवायचे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रात हेच चार आकडे भरले की ०८१ आणि ९८.६ अशी उत्तरे काही सेकंदांत येतात. उत्तर तेच असले, तरी ठिपका डावीकडे कलताना पाहिलेला विद्यार्थी पुढे कॉकपिटमध्येही वारा कोणत्या बाजूने आहे हे मनात घेऊन बसतो. वर्गात मी हे नेहमी पाहतो. ‘नाक कोणत्या बाजूला वळवशील?’ असे विचारल्यावर तबकडीवर शिकलेला विद्यार्थी आधी हात हलवून वाऱ्याची दिशा दाखवतो आणि आकडा नंतर सांगतो.

ठिपका वर द्यायचा की खाली? दोन पुस्तकांत दोन पद्धती दिसतात.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ घातक आहे. वर सांगितलेल्या पद्धतीत ठिपका छिद्राच्या वर देतात, वरच्या खुणेखाली मार्ग ठेवतात आणि ट्रू एअरस्पीडच्या चापावर ठिपका बसवतात. दुसऱ्या पद्धतीत ठिपका छिद्राच्या खाली देतात, वरच्या खुणेखाली हेडिंग ठेवतात, ट्रू एअरस्पीड छिद्राखाली आणतात आणि ग्राउंड स्पीड ठिपक्याखाली वाचतात. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या सीआरपी मालिकेच्या तबकड्यांसोबत ही दुसरी पद्धत बहुधा शिकवली जाते. तीत हेडिंग आधी माहीत नसल्यामुळे तबकडी एक-दोनदा मागेपुढे करून जुळवून घ्यावी लागते.

सरमिसळ झाल्यास काय होते तेही पाहून ठेवावे. वरच्याच उदाहरणात ठिपका वर दिला, पण वाचन दुसऱ्या पद्धतीने केले, म्हणजे छिद्राखाली ११० ठेवले, तर ठिपक्याखाली सुमारे १२१ नॉट दिसतात. समोरचा वारा जणू मागून ढकलू लागतो. १०० नॉटिकल मैलांच्या टप्प्याला प्रत्यक्षात एक तासाहून किंचित अधिक वेळ लागणार असताना आराखड्यात पन्नास मिनिटेच लिहिली जातात, आणि त्या अकरा मिनिटांचे इंधन कागदावर कुठेच दिसत नाही. प्रशिक्षक जी पद्धत शिकवतात तीच शेवटपर्यंत धरून ठेवावी.

इलेक्ट्रॉनिक यंत्र अधिक अचूक असते ना?

आकडेमोडीत होय, परंतु उड्डाणात त्या जादा अचूकतेचा उपयोग फार थोडा आहे. तबकडीवर दोन ते तीन सार्थ अंक वाचता येतात. वरच्या उदाहरणात इलेक्ट्रॉनिक यंत्राचे ९८.६ आणि तबकडीवरचे ९९ यांतला फरक १०० नॉटिकल मैलांमागे साधारण १५ सेकंदांचा आहे.

याउलट, मुळात वाऱ्याचा अंदाजच दहा-दहा अंशांच्या टप्प्यांत दिला जातो. वारा ०३० ऐवजी ०४० अंशांकडून आला, तर ग्राउंड स्पीड ९८.६ वरून सुमारे ९६ वर उतरते. म्हणजे अंदाजातल्या सर्वांत लहान पायरीने पडणारा फरक तबकडी वाचताना होणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय हातात ९८.६ असा आकडा आला की त्यातल्या दशांशावर नको तितका विश्वास बसतो.

तबकडीवर दशांशचिन्ह नसते. गोंधळ होत नाही का?

सुरुवातीला होतो. मापपट्टीवरचा ४० हा आकडा ४, ४० किंवा ४०० यांपैकी काहीही असू शकतो आणि तो कोणता हे आपणच ठरवायचे असते. ही उणीव वाटते खरी, पण तिच्यामुळे विद्यार्थ्याला उत्तराचा अंदाज आधी मनात बांधावाच लागतो. ग्राउंड स्पीड १०५ नॉट आणि अंतर ७० नॉटिकल मैल असेल, तर वेळ एका तासापेक्षा बऱ्यापैकी कमी, म्हणजे ४० मिनिटे, हे उघड आहे. ४ मिनिटे नाही आणि ४०० तर नाहीच. हीच सवय इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरतानाही उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रावर कोणत्या चुका सर्रास होतात?

सर्वांत जास्त दिसणारी चूक वेळेची आहे. १ तास २० मिनिटे भरायची असताना विद्यार्थी १.२० असे भरतो आणि यंत्र ते १.२० तास, म्हणजे १ तास १२ मिनिटे, असे समजते. ताशी २८ लिटर इंधन पिणाऱ्या इंजिनाला खरोखर ३७.३ लिटर लागणार असताना उत्तर ३३.६ लिटर येते. दोन्ही आकडे सारखेच विश्वासार्ह दिसतात, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही.

दुसरी चूक दिशेची आहे. वाऱ्याच्या अंदाजातली दिशा ट्रू (खऱ्या उत्तरेपासून मोजलेली) असते, तर टॉवरने सांगितलेला वारा आणि धावपट्टीचा क्रमांक मॅग्नेटिक (चुंबकीय उत्तरेपासून मोजलेले) असतात. यंत्राला फक्त तीन अंक दिसतात. ते कोणत्या उत्तरेपासून मोजले आहेत हे त्याला कळत नाही. जिथे चुंबकीय व्हेरिएशन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला कोन) १५ अंश आहे, तिथे या एका दुर्लक्षाने वारा १५ अंश फिरतो. ही चूक तबकडीवरही होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. तिसरी चूक एककांची. आधी कोणीतरी यंत्र किलोमीटरवर किंवा गॅलनवर ठेवून गेलेले असते आणि नवा वापरणारा पडद्याच्या कोपऱ्यातले ते लहानसे अक्षर वाचत नाही.

उत्तर बरोबर आहे का, हे झटकन कसे पडताळावे?

तोंडी हिशेबाने. वाऱ्याच्या वेगाला ६०ने गुणून ट्रू एअरस्पीडने भागले की पूर्ण आडव्या वाऱ्यात होणारा सर्वाधिक ड्रिफ्ट (वाऱ्याने विमान बाजूला ढकलले जाण्याचा कोन) मिळतो. आपल्या उदाहरणात २० गुणिले ६० भागिले ११०, म्हणजे साधारण ११ अंश. वारा मार्गाशी ६० अंशांचा कोन करतो आहे, म्हणून त्यातला सात-अष्टमांश भाग धरला की साडेनऊच्या आसपास उत्तर येते. ६० अंशांच्या कोनात समोरून लागणारा वारा निम्मा, म्हणजे १० नॉट, म्हणून ग्राउंड स्पीड १००च्या जरा खाली. यंत्र ०८१ आणि ९९ म्हणत असेल तर पुढे जावे. ते १२१ म्हणत असेल तर हातातले काम थांबवून चूक शोधावी.

डेन्सिटी अल्टिट्यूड आणि ट्रू एअरस्पीडसाठी कोणता सोयीचा?

दोन्ही सारखेच सोयीचे आहेत. तबकडीवर लहान खिडकीत प्रेशर अल्टिट्यूडसमोर (हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीसमोर) बाहेरचे तापमान जुळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार ठरणारी उंची) दुसऱ्या खिडकीत आणि ट्रू एअरस्पीड बाहेरच्या पट्टीवर एकाच वेळी मिळतात. प्रेशर अल्टिट्यूड ६००० फूट आणि तापमान २० अंश सेल्सियस असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड ८००० फुटांच्या जवळ जाते आणि १०० नॉटच्या कॅलिब्रेटेड एअरस्पीडला (वेगमापकावरच्या, यंत्राची चूक दुरुस्त केलेल्या वेगाला) सुमारे ११३ नॉट ट्रू एअरस्पीड येते. उणे तापमान भरताना मात्र डोळ्यांत तेल घालून काम करावे. तबकडीवर शून्याच्या चुकीच्या बाजूला वाचले जाते आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रात उणे चिन्ह राहून जाते.

ज्यांना पुढे एअरलाइन परवान्याच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांनी ३०० नॉटच्या वरच्या वेगांसाठी लागणारी कॉम्प्रेसिबिलिटीची (वेगामुळे हवा दाबली जाण्याची) दुरुस्ती करता येईल अशी तबकडी घ्यावी. सीआरपी-५ मध्ये ही सोय असते.

विमानात प्रत्यक्ष वापरायला कोणता बरा?

लहान विमानात एक हात कंट्रोलवर असतो, मांडीवर नकाशा असतो आणि हवा स्थिर नसते. अशा वेळी तबकडीची वेळ-वेगाची बाजू मला अजूनही सर्वांत सोपी वाटते. समजा दोन खुणांमधले १८ नॉटिकल मैल ११ मिनिटांत कापले. बाहेरच्या १८ खाली आतला ११ आणला, की ६०च्या त्रिकोणी खुणेवर ९८ नॉट दिसतात. तबकडी तशीच ठेवली की पुढच्या प्रत्येक खुणेला किती मिनिटे लागतील हे पुन्हा काही न फिरवता वाचता येते. इलेक्ट्रॉनिक यंत्रात त्यासाठी दर वेळी नवे अंतर भरावे लागते आणि धक्के बसत असताना लहान बटणांवर बोट चुकते. प्रखर उन्हात काही पडदे वाचताही येत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब मात्र हवेत पट्टी सरकवून आणि पेन्सिलीचे ठिपके देऊन करणे अवघड आहे. तो जमिनीवरच उरकावा. हवेत गरज पडलीच तर वर सांगितलेला तोंडी हिशेब पुरतो. कोणतेही साधन वापरताना नजर खाली खिळून राहता कामा नये. दोन सेकंद वाचावे, मान वर करून बाहेर पाहावे आणि मग पुन्हा वाचावे.

जीपीएस आणि टॅब्लेट असताना हे सारे शिकायचे कशाला?

जीपीएस सध्याची ग्राउंड स्पीड उत्तम सांगते, यात शंका नाही. परंतु तो आकडा आराखड्यापेक्षा १५ नॉटने कमी का आहे, वारा बदलला की आपला हिशेबच चुकला, आणि या वेगाने पुढच्या विमानतळापर्यंत इंधन पुरेल का, हे ठरवायला आराखड्यामागचे गणित कळलेले असावे लागते. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो, त्याची बॅटरी संपते. आणि परीक्षा केंद्रात फोन किंवा टॅब्लेटवरचे अ‍ॅप चालत नाही. सरावाच्या वेळी स्वतःची उत्तरे तपासायला अ‍ॅप जरूर वापरावे.

तबकडीचे कोणते प्रकार असतात? धातूची घ्यावी का?

पट्टी सरकणारा ई६बी प्रकार आणि दोन्ही बाजूंनी केवळ गोल असलेला सीआर प्रकार, असे दोन मुख्य प्रकार आहेत. सीआर खिशात मावतो, पण तो वाऱ्याची आडवी आणि समोरची अशी फोड करून उत्तर देतो, त्यामुळे त्रिकोणाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही. नव्याने शिकणाऱ्याने पट्टीचा प्रकार घ्यावा. पुठ्ठ्याची तबकडी स्वस्त असली तरी तिच्या कडा लवकर झिजतात. प्लॅस्टिकची चांगली टिकते, मात्र उन्हात बंद गाडीत ठेवली तर वाकते, आणि वाकलेली पट्टी अडकत सरकते. धातूची वर्षानुवर्षे टिकते. आकार फार लहान घेऊ नये. मापपट्टी जितकी मोठी, तितक्या रेषा मोकळ्या आणि वाचन सोपे.

इलेक्ट्रॉनिक यंत्र केव्हा घ्यावे?

परीक्षेत ते चालत असेल आणि तबकडीवरचे हिशेब न अडखळता होऊ लागले असतील, तेव्हा. सात-आठ टप्प्यांच्या मार्गाचे नियोजन, वजन आणि समतोलाचा हिशेब, एककांची रूपांतरे, स्टॉपवॉच यांसाठी ते खरोखर वेळ वाचवते. सीएक्स-३ सारख्या यंत्रांत हे सारे एकत्र मिळते. घेतल्यावर परीक्षेच्या किमान काही आठवडे आधीपासून त्याचा रोज सराव करावा, कारण परीक्षेत माहितीपुस्तिका जवळ नसते आणि कोणता हिशेब कोणत्या मेनूत आहे हे शोधण्यात मिनिटे जातात. परीक्षेच्या दिवशी नव्या बॅटऱ्या घालाव्यात आणि तबकडीही दप्तरात असू द्यावी.

सराव किती आणि कसा करावा?

रोज वाऱ्याचे पाच आणि वेळ-इंधनाचे पाच हिशेब, असे महिनाभर केले तरी हात बसतो. प्रत्येक हिशेबाआधी अंदाज कागदावर लिहावा, मग तबकडी फिरवावी आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक यंत्रावर किंवा अ‍ॅपवर पडताळावे. उत्तर २ नॉट किंवा २ अंशांहून अधिक चुकले, तर पुढचा हिशेब घेण्याआधी चूक नेमक्या कोणत्या पायरीवर झाली ते शोधावे. बहुतेक वेळा आधीच्या हिशेबाचा पेन्सिलीचा ठिपका पुसायचा राहिलेला असतो आणि नवे वाचन त्या जुन्या ठिपक्यावरून झालेले असते. म्हणून हिशेब संपला की बोटाने किंवा ओल्या कापडाने ठिपका लगेच पुसावा, आणि ठिपका देण्यासाठी मऊ शिशाची पेन्सिलच वापरावी. शाईचे डाग प्लॅस्टिकवरून निघत नाहीत.